टेक्निक्सची जोडी, टाइमकोड आणि आपला हींच : काही महिने वाजवल्यावर

आधीच सांगतो, व्हायनलचा, म्हणजे रेकॉर्डचा, आवाज भारी की डिजिटलचा, हे भांडण मी करणार नाहीये. पार्टी प्लॉटच्या मोकळ्या मैदानात, बाजूला जनरेटर धडधडतोय, समोर पाचशे माणसं नाचतायत, तिथे ३२० ची एमपीथ्री आहे का रेकॉर्ड आहे हे ओळखणारा मला अजून भेटला नाही आणि भेटला तर तो नाचायला आलेला नसणार. माझा प्रश्न वेगळा होता. आपण बडोद्यात जे वाजवतो, म्हणजे गरबा, जुनी हिंदी गाणी, मधे एखादी लावणी, वरातीत ढोलीबरोबर, त्या सगळ्याला कुठलं यंत्र जास्त हाताशी येतं?

माझं सगळं काम कंट्रोलर (लॅपटॉपमधली गाणी चालवायचं बटणांचं आणि चाकांचं यंत्र) आणि लॅपटॉपवर चालायचं आणि पोटापाण्याचं अजूनही त्यावरच चालतं. गेल्या गणपतीनंतर सेकंडहॅंड टेक्निक्स एसएल-१२०० एमके२ टर्नटेबलची जोडी घेतली, सोबत दोन चॅनलचा मिक्सर आणि टाइमकोडच्या रेकॉर्ड (त्या काय ते पुढे सांगतो). तेव्हापासून आता हा उन्हाळा आला, मधली दिवाळी, लग्नसराई, उत्तरायण, सगळं ह्यात निघालं. घरी जवळपास रोज, बाहेर मात्र निवडक ठिकाणी.

मशीनबद्दल थोडं सांगतो कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. १२०० हे मॉडेल १९७२ चं, आणि ते डीजेंसाठी नाही तर घरी बसून ऐकणाऱ्यांसाठी काढलेलं होतं. १९७९ ला एमके२ आलं, स्पीड पक्का धरणारं क्वार्ट्झ लॉक आणि उजव्या बाजूला तो लांब पिच फेडर, म्हणजे स्पीड कमीजास्त करायची सरकपट्टी, घेऊन, आणि मग क्लबवाल्यांनी ते सोडलंच नाही. २०१० ला कंपनीने बंद केलं, २०१६ ला परत चालू केलं, २०१९ ला एमके७ आलं. ह्यात बेल्ट नसतो, मोटर थेट प्लॅटरखाली, म्हणजे रेकॉर्ड ठेवायच्या फिरत्या थाळीखाली, त्यामुळे स्टार्ट दाबलं की एका सेकंदाच्या आत पूर्ण स्पीड, आणि रेकॉर्ड हाताने धरून ठेवली तरी खाली प्लॅटर फिरतच राहतो, सोडली की लगेच पकडतो. चाळीस वर्षांच्या आसपासचं यंत्र असं चालताना बघितलं की खरंच मजा पडते. वजन एकेकाचं बारा किलोच्या आसपास, आणि आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. असो.

विकत घेणाऱ्यांनी दोन गोष्टी बघाच. एक, जपानमधून आलेला पीस असेल तर तो १०० व्होल्टचा असतो, आपल्याकडे २३०, म्हणजे स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागणारच, विकणारा सांगेलच असं नाही, मागचं लेबल स्वतः वाचा. ५० हर्ट्झ ६० हर्ट्झची काळजी नको, स्पीड क्वार्ट्झवर चालतो. दुसरं अर्थिंग. आमचं घर दांडिया बाजारातलं जुनं, तीन पिनच्या सॉकेटमधली तिसरी पिन नुसती शोभेची, त्यामुळे पहिल्या दिवशी गाण्यापेक्षा हमचा घूं आवाजच जास्त. डेकची, म्हणजे टर्नटेबलची, ग्राउंड वायर मिक्सरच्या मागच्या स्क्रूला लावली आणि वायरमन बोलावून एक लाइन नीट अर्थ करून घेतली तेव्हा कुठे शांतता झाली.

आता मूळ मुद्दा, सिंक बटण, म्हणजे दोन गाण्यांची लय आपोआप जुळवणारं.

सॉफ्टवेअर गाणं वाचतं, त्यावर ग्रिड, म्हणजे ठोक्यांच्या खुणा, टाकतं, चार चारच्या हिशोबाने. हाउस, टेक्नो, आत्ताची बॉलीवूडची गाणी कॉम्प्युटरच्या क्लिकवर, म्हणजे एकसारख्या ठोक्यावरच, बनतात त्यामुळे तिथे ग्रिड चपखल बसतं आणि सिंक दाबून तुम्ही चहा पिऊन येऊ शकता. पण गरब्यातला हींच हा ताल सहा मात्रांचा. ग्रिड तीन तीन मात्रांवर बसलं तर एका आवर्तनात दोन बीट, सगळं ठीक. पण पुष्कळदा ते दोन दोन मात्रांवर बसतं, मग मिनिटाला ९६ बीटचं गाणं स्क्रीनवर १४४ दिसतं, आवर्तनाला तीन बीट होतात, आणि तुम्ही सवयीने ४ चा लूप मारला, म्हणजे चार बीटचा तुकडा फिरवत ठेवला, की सम गेली कुठल्या कुठे. लूपची तयार बटणं १, २, ४, ८, १६ अशी, तीनचं बटणच नाही. समोर त्रण ताळीचा, म्हणजे तीन टाळ्यांच्या गरब्याचा, गोल फिरत असतो आणि त्या बायकांच्या टाळ्या आणि तुमचा लूप ह्यांची फारकत झाली की गोल थांबतो आणि सगळे एकाच वेळी डीजेकडे बघतात, ती नजर ज्याने खाल्लीय त्यालाच माहीत. ग्रिड हाताने दुरुस्त करता येतं, मी करतोही, पण दोनशे गाण्यांना बसून करायचं म्हणजे रविवार गेला.

जुन्या फिल्मी गाण्यांची वेगळी तऱ्हा. स्टुडिओत सगळा वाद्यवृंद एकत्र बसून वाजवायचा, ढोलक माणूस वाजवायचा, क्लिक वगैरे काही नाही, मुखडा समजा १०४ ला सुरू झाला तर शेवटच्या अंतऱ्यात १०८ ला पोचलेला असतो आणि ते चुकून नाही, रंगत येते तशी लय चढते. आता नवीन सॉफ्टवेअरमध्ये वाकणारं ग्रिड आहे पण तेही ढोलकीच्या तुकड्यापाशी गडबडतं.

टर्नटेबलवर हा प्रश्न कसा सुटतो तर तो सुटत नाही, तो तुमच्या अंगावर येतो. ग्रिड नाही, आकडा नाही, हेडफोनचा एक कान आणि प्लॅटरच्या कडेला एक बोट. गाणं पुढे पळायला लागलं की बोट किंचित टेकवायचं, मागे पडलं की मधल्या पिनला चिमटीत धरून हलकं फिरवायचं, मग पिच फेडर केसभर हलवायचा. पहिले काही आठवडे माझं मिक्सिंग ऐकून आई आतून विचारायची की दोन रेडिओ लागलेत का. मग हळूहळू कान लय पकडायला लागला आणि मला जाणवलं की इतकी वर्षं मी लय ऐकत नव्हतो, वाचत होतो. हे कंट्रोलरवर होत नाही असं नाही, सिंक बंद करा, स्क्रीन झाका, होईल. पण स्क्रीन समोर असली की डोळा जातोच, आणि ती छोटी जॉग व्हील, म्हणजे कंट्रोलरवरचं चाक, स्वतः फिरत नाही, तिच्यातून गाण्याची चाल हाताला लागत नाही.

ह्याचा सगळ्यात मोठा फायदा कुठे झाला तर वरातीत, आणि गंमत म्हणजे तिथे मी टर्नटेबल नेत पण नाही. आपल्याकडे डीजेबरोबर ढोली असतो आणि ढोली कुणाचं ऐकत नाही, नवरदेवाच्या मामाने नोटा ओवाळल्या की लय आणखी चढली. पूर्वी मी ट्रॅक वाजवायचो आणि ढोली त्याच्यावर भांडायचा. आता मी कंट्रोलरच्या पिच फेडरवर हात ठेवून त्याच्या मागे जातो, घरी रेकॉर्डवर जे करतो तेच. ह्या लग्नसराईत एका ढोलीकाकांनी मधेच वळून बघितलं आणि मान डोलावली, "हवे बराबर छे भाई," म्हणजे आता बरोबर आहे. बास.

पिचवरून आणखी एक. रेकॉर्डचा स्पीड वाढवला की सूरही चढतो, साधारण ६ टक्के वाढवलं की अर्धा स्वर, म्हणजे पांढरी एकमध्ये गाणारी बाई काळी एकमध्ये जाते. एमके२ चा पिच वर खाली ८ टक्केच, त्यामुळे १०० चं गाणं १०८ च्या वर जाणार नाही, गरब्याच्या चढत्या लयीला हे फार तोकडं. सॉफ्टवेअरमध्ये की लॉक आहे, सूर न हलवता लय वाढते, आणि ह्या बाबतीत सॉफ्टवेअर सरळ जिंकतं. फक्त दहा टक्क्यांच्या पुढे गेलात की ढोलाची थाप फाटल्यासारखी होते, तेवढं सांभाळा.

टाइमकोड हा मधला मार्ग. रेकॉर्डवर गाणं नसतंच, एक सलग टीं असा सूर असतो, सेराटो ह्या डीजे सॉफ्टवेअरच्या रेकॉर्डवर १००० हर्ट्झचा. सूर वरखाली झाला त्यावरून स्पीड कळतो, डाव्या उजव्या चॅनलमधल्या फरकावरून दिशा, आणि त्यातच लपवलेल्या कोडवरून नीडल नेमकी कुठे आहे ते. गाणं लॅपटॉपमधलं, हात रेकॉर्डवर. २००४ ला सेराटो स्क्रॅच लाइव्ह आलं, त्याच्या आधी फायनल स्क्रॅच होतंच, आणि रेकॉर्डच्या पेट्या वाहणाऱ्यांची पाठ सुटली. मला हेच सगळ्यात आवडलं. कारण खऱ्या रेकॉर्डवर आपलं संगीत मिक्स करायचं तर मिळतं काय? जुने हिंदी एलपी आणि ४५ च्या छोट्या रेकॉर्ड, ज्यात गाणं थेट आलापाने सुरू होतं, परदेशी बारा इंची सिंगलसारखा पुढे मागे मिनिटभर नुसता ठेका नसतो, मिक्स करणार कशावर? अहमदाबादच्या रविवारच्या गुजरी बाजारातून काही आणल्या, दोन छान निघाल्या, बाकीच्या भिंतीवर लावायच्या लायकीच्या. आणि नवा गरबा तर रेकॉर्डवर मिळणारच नाही. टाइमकोडवर तो खुशाल वाजतो, हॉट क्यू, म्हणजे गाण्यातल्या हव्या त्या जागी उडी मारायच्या खुणा, पण मिळतात. हिपहॉपचा जुना डीजे ग्रॅंडमास्टर फ्लॅश रेकॉर्डवर मेणखडूने खुणा करायचा तेच हे, फक्त आता आठ रंगीत बटणं.

पण टाइमकोडला दोघांचीही दुखणी आहेत हे लक्षात घ्या. नीडलला धूळ लागली की गाणं थरथरतं, कार्ट्रिजची, म्हणजे नीडल बसवलेल्या भागाची, वायर सैल झाली की एकाएकी गाणं उलटं किंवा वेडंवाकडं पळतं, आणि वर लॅपटॉप हॅंग व्हायची भीती आहेच. एका संगीतला मांडववाल्याने फळ्यांचं स्टेज दिलं, पंधरा जणी त्याच स्टेजवर नाचायला चढल्या आणि नीडल उडायला लागली. रिलेटिव्ह मोडवर टाकलं, त्यात नीडल कुठेही पडली तरी गाणं आपल्या जागेवरून पुढे चालतं, फक्त हलकी ठेच लागते. त्यानंतर दोन कोटा लाद्या कापून घेतल्या, खाली स्क्वॉशचे बॉल अर्धे कापून, वर डेक. घरी अफलातून काम करतं, सबवूफरचा गुरगुराट पण थांबला, पण गाडीत लाद्या घालून लग्नाला जायचं म्हटलं की असिस्टंट फोन उचलत नाही.

आणि मे महिना. दुपारी खोलीत ४२-४३ च्या उकाड्यात खिडकीपाशी ठेवलेली एक एलपी पापडासारखी लाटली गेली. टाइमकोड रेकॉर्ड पण सावलीतच ठेवा. लॅपटॉपलाही हा उन्हाळा सोसत नाही, आउटडोअरला दुपारच्या हळदीत पंखा किंचाळायला लागतो आणि आवाजात टकटक येते, बफर, म्हणजे लॅपटॉप आवाज आधी साठवून ठेवतो तो वेळ, वाढवला की टकटक जाते पण मग हाताला उशीर जाणवतो, स्क्रॅच करणाऱ्याला तो लगेच कळतो.

फर्माईशींचं काय सांगू, "भाई आ वगाडो ने" (हे वाजवा ना) म्हणत मोबाइल नाकासमोर धरतात, तिथे फक्त सॉफ्टवेअर.

तर नवीन सुरू करणाऱ्याने काय घ्यावं? लग्नांत वाजवायचं असेल तर सरळ कंट्रोलर, एका चांगल्या डेकच्या पैशात अख्खा सेट येतो आणि फक्त एकच गोष्ट करा, पहिले सहा महिने सिंक बंद ठेवा आणि आकड्यांवर कागद चिकटवा. हात बसलाय, थोडे पैसे आहेत, शिकायची खाज आहे, तर एक डेक घ्या, एकच, दुसऱ्या बाजूला कंट्रोलर जोडा, बरंच काही होतं, जोडी घ्यायची घाई नको. स्टेम्सवर, म्हणजे गाण्यातला आवाज आणि ठेका वेगळा करण्यावर, फार विसंबू नका, ढोलक आणि तबल्याच्या घुमाऱ्याला ते बेस समजून बसतं, निदान माझ्याकडच्या गाण्यांत तरी.

मी जोडी ठेवणारे. नवरात्रात सोसायटीत कंट्रोलरच जाईल, पण पावसाळ्यात कामं कमी असतात तेव्हा जुनी ४५ ची चळत धुवून काढायचा विचार आहे. डिस्टिल्ड वॉटर आणि थोडं आयसोप्रोपिल ह्यापेक्षा बरं काही कुणी वापरत असेल तर सांगा, आणि लाखेच्या जुन्या ७८ च्या रेकॉर्डवर ते आयसोप्रोपिल चुकूनही लावू नका, लाख विरघळते.