गोंदिया ते जळगाव: विमान की रेल्वे?

नागपुरात आमच्याकडे पाहुणे आले की हा विषय निघतेच, म्हणून एकदाचं लिहून टाकतो. बिरसी (गोंदिया) ते जळगाव विमानतळ सरळ रेषेत साधारण 490 किमी, आणि असल्या छोट्या विमानतळांवर बहुतेक एटीआर 72 हे छोटं विमानच येते, बाहेर फिरणाऱ्या पंख्याचं इंजिन, वेग ताशी 500 किमीच्या आसपास, म्हणजे हवेत तासभर अन् विमानाचं जमिनीवर चालणं, वर चढणं, खाली उतरणं धरून सव्वा तास. वाचायला मस्त वाटते. पण हा हिशोब फक्त नकाशावरचा आहे, कारण थेट विमानच नाही! मधे कुठंतरी विमान बदला, तिथं ताटकळा, शिवाय बिरसी गोंदिया शहरात नाही, बाहेर आहे, तिथपर्यंत गाडी करा अन् तासभर आधी पोहोचा. सव्वा तासाचा अख्खा दिवस होते.

रेल्वेनं अंतर जास्त, साडेपाचशे किमीच्या घरात, पण गोंदिया-कोल्हापूर महाराष्ट्र एक्सप्रेस नागपूर, वर्धा, बडनेरा, अकोला, भुसावळ करत सरळ जळगावला उतरवते, गाडी बदलायची भानगडच नाही, आणि आम्हा नागपूरकरांना तर गोंदियाला जायचीही गरज नाही, इथूनच बसा. म्हातारी माणसं सोबत असतील तर मी डोळे झाकून रेल्वेच सांगीन.

एटीआरची एक गोष्ट मात्र मनापासून आवडते, पंख खिडकीच्या वर असतात त्यामुळं खालची शेतं, नद्या मोकळ्या दिसतात. थेट सेवा सुरू झाली तर तिकीट मी आधी काढीन.