टिळकवाडीतला कायदावाचन वर्ग : कोर्टाबाहेर टायपिंग करणारीचा अभिप्राय

बेळगावच्या कोर्टाबाहेर माझं टायपिंगचं टेबल आहे. दावे, कैफियती, प्रतिज्ञापत्रं, वाटणीचे अर्ज सगळे माझ्या बोटांखालून जातात. कलमांचे आकडे पाठ झालेत, पण कलम वाचायचं कसं, कोर्ट त्यातून अर्थ कसा काढतं, हे समजून घ्यायची फार इच्छा होती. टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटच्या अलीकडे एका वाचनालयाच्या माडीवर एक निवृत्त दिवाणी वकील रविवारी संध्याकाळी हाच विषय मराठीत शिकवतात असं कळलं, आणि नाव घातलं. फी ६०० रुपये. शिक्षणाची अट नाही. आमच्या वर्गात लॉ कॉलेजची पोरं होती, हुक्केरीकडचे ऊसवाले शेतकरी होते, एक निवृत्त तलाठी होते आणि खानापूर तालुक्यातल्या एक ग्रामपंचायत सदस्या.

सरांची पद्धत मला फार आवडली. कुठलंही कलम असो, आधी ते कुणीतरी उभं राहून पूर्ण वाचायचं, परंतुक (म्हणजे कलमाला जोडलेली ‘परंतु’ची अट) आणि स्पष्टीकरणासकट. मग त्याच कायद्यातलं व्याख्यांचं कलम उघडायचं. तोवर मत मांडायला बंदी. “अर्धं कलम वाचून भांडू नका, सगळं वाचा की,” हे ते प्रत्येकाला सांगतात, आणि रागावून नाही. शब्दांचा साधा अर्थ पुरेसा असेल तर कोर्ट तिथंच थांबतं. त्यानं विसंगत काही निघत असेल किंवा दोन अर्थ संभवत असतील तरच पुढं जायचं. पुढं म्हणजे १५८४ च्या इंग्लंडमधल्या हेडनच्या खटल्यातले चार प्रश्न : आधी कायदा काय होता, त्यात कोणती उणीव राहिली होती, तिच्यावर कोणता उपाय केला, आणि त्या उपायामागचं खरं कारण काय. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं १९५५ मध्ये बेंगॉल इम्युनिटी खटल्यात हेच चार प्रश्न वापरले.

रोजच्या वापरातल्या शब्दाला बाजारातला अर्थ द्यायचा, हे शिकवायला त्यांनी विड्याच्या पानांचा खटला घेतला. अकोल्याच्या व्यापाऱ्याचं म्हणणं, विक्रीकरातून भाजीपाल्याला सूट आहे आणि पान ही वनस्पतीच, तेव्हा कर नको. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते मानलं नाही. वनस्पतिशास्त्र काहीही म्हणो, भाजी आणायला सांगितल्यावर कुणी विड्याची पानं आणत नाही. पुढच्याच वर्षी बिहारमधल्या ऊसाच्या खटल्यातही तोच निकाल : ऊस म्हणजे ‘हिरवा भाजीपाला’ नव्हे. हुक्केरीचे काका यावर बराच वेळ प्रश्न विचारत राहिले आणि सरांनी एकही टाळला नाही.

पण हा वर्ग मी सगळ्यांना सांगत सुटले आहे ते मुलींच्या हिश्शाच्या धड्यांमुळं. त्यातला मुख्य खटला आपल्या बेळगावातला आहे. प्रकाश विरुद्ध फुलवती. १९९२ मध्ये फुलवतीबाईंनी इथल्याच दिवाणी कोर्टात वाटणीचा दावा दाखल केला. त्यांचे वडील १९८८ मध्येच वारले होते. दावा चालू असताना हिंदू वारसा कायद्याचं कलम ६ बदललं. ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगी जन्मानं, मुलासारखीच, एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत सहदायाद, म्हणजे जन्मापासूनची हिस्सेदार, झाली. उच्च न्यायालयानं फुलवतीबाईंना नव्या कलमाचा फायदा दिला. सर्वोच्च न्यायालयानं १६ ऑक्टोबर २०१५ ला तो काढून घेतला. कलमाची सुरुवात ‘हा कायदा अमलात आल्यापासून’ अशी आहे, म्हणून त्या दिवशी वडीलही हयात हवेत आणि मुलगीही, असा अर्थ दोन न्यायमूर्तींनी लावला.

मग ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात तीन न्यायमूर्तींनी तेच कलम पुन्हा वाचलं आणि फुलवतीचा निकाल चुकीचा ठरवला. सरांनी दोन्ही निकालांतले कारणांचे परिच्छेद आमच्याकडून वाचून घेतले. कलमात ‘जन्मानं’ असं लिहिलंय. हक्काचं मूळ जन्मात असेल तर वडील २००५ मध्ये जिवंत होते की नाही हे विचारायचं कारणच उरत नाही, आणि तशी अट कलमात कुठं लिहिलेलीही नाही. ‘अमलात आल्यापासून’ म्हणजे हक्क वापरायचा तो तेव्हापासून. आधार मिताक्षरेचा, म्हणजे हिंदू वारसाहक्कावरच्या जुन्या ग्रंथाचा : जन्मानंच मिळतो तो अप्रतिबंध दाय, कुणाच्या मरणावर तो अडत नाही. ती मिताक्षरा लिहिणारे विज्ञानेश्वर कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारचे, म्हणजे याच कर्नाटकातले, हे ऐकून मला बरं वाटलं.

तेव्हा त्या सदस्याबाईंनी विचारलं, “सर, माझं लग्न १९९१ सालचं. मला काहीच नाही म्हणतात.” असं का म्हणतात तेही सरांनी उलगडलं. कर्नाटकानं मुलींना हिस्सा देणारा स्वतःचा कायदा ३० जुलै १९९४ पासून लागू केला, महाराष्ट्रानं त्याच वर्षी २२ जूनपासून. त्याआधी लग्न झालेल्या मुली दोन्हीकडं वगळलेल्या. गावात अजून तेच चालत आलंय. सरांनी २००५ चं कलम त्यांच्या हातात दिलं. “ताई, यात लग्न हा शब्द कुठं आहे दाखवा.” त्यांनी दोनदा वाचलं. नव्हता. मग परंतुकही वाचायला लावलं : २० डिसेंबर २००४ च्या आधी मिळकत विकली किंवा खरोखर वाटली असेल तर ती उघडता येत नाही. पण वाटणी नोंदणीकृत दस्तानं किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्यानं (डिक्रीनं) झालेली असावी लागते. नुसतं ‘तोंडी वाटणी झाली होती’ म्हटलं की कोर्ट सहसा ऐकत नाही, सरकारी कागदांचा भक्कम आधार मागतं. माझ्या टेबलावर तोंडी वाटणीची हकीकत किती कैफियतींत येते हे मला माहीत आहे. एखाद्या बहिणीची सही घ्यायला येणाऱ्या भावांनी आणि त्या बहिणींनीही हा धडा ऐकायलाच हवा.

मुदतीचा धडा छोटा, पण रोज कामाला येणारा. दिवाणी अपील जिल्हा न्यायालयात ३० दिवसांत, उच्च न्यायालयात ९० दिवसांत. निकालाचा दिवस मोजायचा नाही, हुकूमनाम्याची नक्कल मिळायला लागणारे दिवस वजा करायचे, आणि शेवटच्या दिवशी कोर्ट बंद असेल तर उघडेल त्या दिवशी दाखल करायचं. नक्कल कधी मागितली आणि कधी तयार झाली या तारखा अपिलाबरोबर नीट द्याव्यात.

आता उणिवा. करांच्या कायद्याचा बाकी भाग घाईत उरकला. निकालांच्या झेरॉक्स इतक्या बारीक अक्षरांत की मागच्या बाकावर वयस्कर लोकांना वाचता येत नाहीत, आणि सगळ्या इंग्रजीत. निदान महत्त्वाच्या परिच्छेदांचा मराठी सारांश द्यायला हवा. सगळ्यात खटकलं ते सीमाभागाच्या कायद्यांना मिळालेला अर्धा तास. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्यात ‘चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा’ म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात, घातला आहे. त्याच कायद्याच्या कलम ११९ नं जुने मुंबईचे कायदे, बदल होईपर्यंत, इथं चालू ठेवले. म्हणून १९४८ चा मुंबईचा कूळ कायदा कर्नाटकाचा जमीन सुधारणा कायदा २ ऑक्टोबर १९६५ ला लागू होईपर्यंत आपल्याकडं चालला. जुन्या कुळाची कागदपत्रं घेऊन येणाऱ्यांना यावर दोन रविवार तरी द्यायला हवेत. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्यावर सरांनी संविधानाचं कलम १३१ (राज्यांमधले वाद थेट सर्वोच्च न्यायालयात चालवण्याचं) फक्त वाचून घेतलं आणि मत दिलं नाही. वर्गात थोडी नाराजी झाली, पण मला ते योग्य वाटलं.

इथं तुमच्या खटल्याचा सल्ला मिळत नाही. सर पहिल्याच दिवशी सांगतात, त्यासाठी आपला वकील गाठा. पुढचा वर्ग दिवाळीनंतर आहे. साडेसातला सुटतो, त्यामुळं खानापूर बाजूच्या लोकांना बस मिळते. येताना घरातलं वाटणीपत्र आणि जमिनीचा उतारा यांच्या झेरॉक्स जवळ ठेवा, आणि शक्य असेल तर घरातल्या लेकीबहिणींपैकी कुणालातरी बरोबर आणा.