गिझर रिपेअर, म्हापसा: काम झकास, वेळेचं विचारू नका
म्हापसा मार्केटजवळच्या गिझरवाल्याला ५ पैकी ४ स्टार. आमच्याकडे बोअरचं पाणी, बादलीला पांढरे डाग पडतात तसलं, त्यामुळे १५ लिटरचा गिझर चार वर्षांतच कुकरसारखा खदखदायला लागला आणि कंपनीचा माणूस म्हणाला नवीनच घ्या. ह्याने टाकी रिकामी करून कॉईल काढली तर तिच्यावर करवंटीएवढा जाड थर, आणि टाकी गंजू नये म्हणून स्वतः झिजणाऱ्या मॅग्नेशियम रॉडची नुसती तार उरलेली! कॉईल सायट्रिक ॲसिडमध्ये बुडवून साफ केली, रॉड नि गॅस्केट नवीन टाकलं, थर्मोस्टॅट ७५ अंशांवरून ५५ वर आणला, कारण पाणी जितकं जास्त तापवाल तितका क्षार जास्त बसतो. टाकीच गळत असती तर बदलावा लागला असता म्हणे. एक स्टार कापला कारण ‘फाल्यां येतां’ (उद्या येतो) म्हणत तीन दिवस लावले.