टीपी-लिंक डेको एम४: जुना राउटर न काढता

इंटरनेट कंपनीने बसवलेला राउटर काढता येत नाही अशी कितीतरी घरं असतात. आमचं त्यातलंच. फायबरची तार थेट त्याच डब्यात येते, लँडलाइनही त्यालाच जोडलेली, आणि लॉगिनची माहिती कंपनीने आत भरून ठेवलेली. त्या डब्याला धक्का न लावता मागच्या खोल्यांत वायफाय पोचवायचं होतं, म्हणून डेको एम४ चा दोन नगांचा सेट घेतला. हा मेश सेट आहे, म्हणजे दोन-तीन युनिटं मिळून घरभर एकच वायफाय देतात. माझं काम दिवसभर व्हिडिओ कॉलवर चालतं आणि बाबांची खोली अगदी टोकाला, त्यामुळे सेटची रोजच परीक्षा होते. तुमच्याकडेही असाच डबा असेल तर हा सेट खुशाल घ्या, पण तो ॲक्सेस पॉइंट मोडवरच चालवा, म्हणजे डेको फक्त वायफाय पसरवेल आणि राउटरचं काम जुना डबाच करेल.

हे मी इतकं ठासून सांगतेय, कारण ॲप सांगेल तसं जोडत गेलं की डेको राउटर मोडमध्ये सुरू होतो. नेट चालतं, स्पीडही चांगला येतो, त्यामुळे काही बिघडलंय असं वाटतच नाही. पण घरात आता दोन राउटर झालेले असतात आणि दोघंही उपकरणांना आपापले पत्ते (आयपी पत्ते, म्हणजे नेटवर्कमधले ओळख क्रमांक) वाटत असतात. आमचा जुना राउटर १९२.१६८.१ ने सुरू होणारे पत्ते देतो, डेको १९२.१६८.६८ ने सुरू होणारे. याला डबल नॅट म्हणतात (घरातले पत्ते बाहेरच्या पत्त्यात बदलण्याच्या कामाला नॅट म्हणतात, ते इथे दोनदा होतं). नुसते व्हिडिओ बघणाऱ्याला फरक जाणवणार नाही. पण प्रिंटर केबलने जुन्या राउटरला जोडलेला आणि फोन डेकोवर असेल, तर फोनला प्रिंटर आपोआप सापडत नाही. ऑनलाइन गेम खेळणाऱ्यांना ‘नॅट टाइप स्ट्रिक्ट’ असा संदेश दिसू लागतो. घरातला कॅमेरा बाहेरून बघण्यासाठी राउटरच्या सेटिंगमध्ये पोर्ट (बाहेरून आत येण्याची वाट) उघडलं असेल, तर ते आता दोन ठिकाणी उघडावं लागतं.

उपाय सोपा आहे. ॲपमध्ये ‘मोर’, मग ‘ॲडव्हान्स्ड’ आणि तिथे ‘ऑपरेशन मोड’ उघडून ॲक्सेस पॉइंट निवडायचं. युनिट पुन्हा सुरू होतात, दिवा हिरवा झाला की काम झालं. खात्री करायची तर फोनच्या वायफाय माहितीत आयपी पत्ता बघा. तो जुन्या राउटरच्या मालिकेतला असेल तर घरात पत्ते वाटणारा एकच उरला. या मोडमध्ये मुलांच्या वापरावरची बंधनं आणि अमुक उपकरणाला प्राधान्य देण्याची सोय मिळत नाही. ज्यांना त्या सोयी हव्यातच, त्यांनी कंपनीला सांगून जुना डबा ब्रिज मोडमध्ये टाकून घ्यावा, म्हणजे तो राउटरचं काम न करता नेट नुसतं पुढे देईल, आणि डेकोला राउटर करावं.

जुन्या राउटरचं वायफाय मात्र बंद करायलाच हवं. नाहीतर फोन त्याच्या क्षीण रेंजला चिकटून बसतो. मी आधी ते बंद केलं आणि मग डेकोला जुनंच नाव, जुनाच पासवर्ड दिला, अक्षरन् अक्षर तेच. टीव्ही, टॅब, बाबांचा फोन, सगळे आपणहून जोडले गेले. कुणाला पासवर्ड सांगत फिरावं लागलं नाही.

आता जागेबद्दल. जिथे रेंज येत नाही तिथेच दुसरं युनिट ठेवावं असं वाटणं साहजिक आहे, पण त्या युनिटलाही पहिल्याकडून सिग्नल मिळायला हवा. म्हणून ते मध्ये कुठेतरी, उघड्यावर ठेवायचं. आमचं पॅसेजमधल्या शेल्फवर आहे. तेच कपाटाच्या आत ठेवून पाहिलं तर बाबांच्या खोलीतला कॉल अडखळायला लागला.

एम४ मध्ये २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोनच बँड आहेत. युनिटांचं आपसातलं बोलणं आणि तुमच्या फोनशी बोलणं, दोन्ही त्यातच उरकावं लागतं. त्यामुळे बिनतारी जोडणीत मागच्या खोलीत स्पीड साधारण निम्म्यावर येतो. आमच्या २०० एमबीपीएसच्या प्लॅनला तेवढा पुरतो. तरीही शक्य असेल तर दोन युनिटांमध्ये केबल टाकाच. आम्ही नंतर टाकली आणि टोकाच्या खोलीतही जवळजवळ पूर्ण स्पीड मिळायला लागला. प्रत्येक युनिटला दोन गिगाबिट पोर्ट आहेत, कुठल्यातही केबल खोचली तरी चालते. केबल कॅट ५ई किंवा कॅट ६ घ्या आणि तिच्या आठही तारा जोडलेल्या आहेत ना ते बघून घ्या. चारच जोडलेल्या असल्या तर स्पीड १०० च्या वर जात नाही. जुन्या राउटरचं पोर्ट १०० चं असेल तरीही तेच होईल, तेव्हा आधी तेही तपासा.

चालत्या कॉलवर हॉलमधून मागच्या खोलीत जाताना कधी क्षणभर आवाज तुटतो, बहुतेक वेळा तोही नाही. कुठल्या युनिटला जोडायचं हे शेवटी फोन ठरवतो, त्यामुळे जुने फोन थोडे रेंगाळतात. ॲपमध्ये फोनला एका युनिटवरून दुसऱ्यावर पटकन नेणारी ‘फास्ट रोमिंग’ ही सोय आहे. ते सुरू केल्यावर एखादं जुनं उपकरण जोडलं जाईनासं झालं तर बंद करून टाका.

लाइनच मुळात संथ असेल तर कुठलाही मेश तिचा वेग वाढवणार नाही. राउटरला लॅपटॉप केबलने जोडून आधी स्पीड मोजा, तिथेच कमी आला तर कंपनीकडे तक्रार करा. आणि प्लॅन ५०० च्या वरचा असेल तर एम४ घेऊ नका. हा वायफाय ५ चा सेट आहे, तुम्ही वायफाय ६ चा बघा. डेकोची वेगवेगळी मॉडेलं एकाच नेटवर्कात चालतात, त्यामुळे पुढे नवं युनिट घेतलं तरी एम४ टाकून द्यावा लागणार नाही.