आभा कार्ड आठ महिने वापरून : टोकन झकास, बाकीचा हिशोब कुणाकडं मागायचा?

आभा म्हणजे आपल्या आरोग्याची कागदपत्रं जोडायचा सरकारी नंबर, त्याचं कार्ड आईसाठी काढलं, त्याचा हा अनुभव. आधीच सांगतो, लिहिणं लांबलंय. ज्यांना फक्त काढू का नको एवढंच विचारायचंय त्यांनी काढा, फुकट आहे, पण जुने कागद फेकू नका, आणि इथूनच परत गेलात तरी चालेल. बाकीच्यांनी चहा घेऊन बसा.

मी सोलापूरचा, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात स्टॉक आणि हिशोब बघतो. आई चौसष्ट वर्षांची, पस्तीस वर्षं विड्या वळल्या, आता शुगर आणि बीपी दोन्ही. दर महिन्याला सरकारी दवाखान्यात तपासणी आणि गोळ्या. कुठला दवाखाना ते लिहीत नाही, कारण तिथली सिस्टर आईला नावानं ओळखते आणि पुढच्या महिन्यातपण आम्हाला तिथंच जायचंय. ॲपचं पण नाव घेत नाही, आभा वापरायला बरीच ॲप आहेत, त्यातलं एक.

कार्ड काढतानाच दोन आठवडे गेले. जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेआधी सुरू केलं, गड्डा संपल्यावर हातात आलं. आधारला जोडलेला नंबर वडिलांच्या जुन्या सिमचा, ते सिम कधीच बंद झालेलं, मग ओटीपी येणार कुठं. नंबर बदलायला आधार केंद्रावर गेलो तर आईचा अंगठाच लागेना. पस्तीस वर्षं पान कापून, तंबाखू भरून, दोरा गुंडाळून अंगठ्याच्या रेघाच गेल्यात, मशीनला काय दिसणार कपाळ. पोरगं म्हणालं आजी ओल्या फडक्यानं पुसा, पुसलं, दाबा, दाबलं, दहाच्या दहा बोटं झाली. शेवटी डोळा स्कॅन करून काम झालं. सोलापूरच्या पूर्व भागात विड्या वळून असल्या अंगठ्याच्या झालेल्या बायका गल्लीगल्लीत आहेत, हे योजना काढणाऱ्यांना कुणी सांगितलं का नाही देव जाणे.

आता एक गोंधळ आधी मोडून टाकू, कारण आमच्या शेजारच्या अक्कांनी नेट कॅफेत ५० रुपये देऊन आभाचं कार्ड लॅमिनेट करून आणलं आणि गल्लीभर सांगितलं की आपल्याला ५ लाख मिळणार. नाही मिळणार. आभा म्हणजे १४ आकडी नंबर, २७ सप्टेंबर २०२१ ला देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमधला. तो फक्त तुमच्या कागदपत्रांचा पत्ता आहे, त्यात एक रुपयाचापण विमा नाही. ५ लाखापर्यंतच्या मोफत उपचाराचं ते आयुष्मान कार्ड वेगळं आणि आपली महात्मा जोतिबा फुले जनआरोग्य योजना वेगळी. ती तर सोलापूरकरांना नवीन नाही, २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी म्हणून पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यात आपला जिल्हा होता. ऑपरेशनचं काही निघालं तर दवाखान्यात या योजनेसाठी बसणाऱ्या आरोग्यमित्राला गाठा, आभाचं कार्ड नाचवून उपयोग नाही.

जे चांगलं आहे ते मोकळ्या मनानं सांगतो. दारातला क्यूआर स्कॅन करायचा, आईची माहिती आपोआप जाते, टोकन नंबर येतो, मग काउंटरला जाऊन नंबर सांगितला की केसपेपर. नाव, वय, पत्ता, पिनकोड परत परत ओरडून सांगायचं नाही. टोकनाला मुदत असते, घरी बसून काढून ठेवता येत नाही, तिथं जाऊनच काढायचं. पण एप्रिलमध्ये सोलापूरचं ऊन म्हणजे काय ते सोलापूरकरांना सांगायला नको, सकाळी दहालाच फरशी तापलेली, अशात आई पहिल्यांदा झाडाखाली बसून राहिली आणि मी नंबर आल्यावर तिला उठवलं. पाऊण तासाची उभी लाईन गेली. एवढ्यासाठी पैकीच्या पैकी.

रडगाणं पुढचंय.

मला वाटलेलं की आता सगळे रिपोर्ट, सगळ्या गोळ्या मोबाईलवर दिसतील. त्याचं आतलं काम मला आमच्या धंद्याच्या भाषेत कळलं ते असं की माल ज्याच्या त्याच्या गोडाऊनमध्येच राहतो, दिल्लीला कुठं ढीग करत नाहीत. आभा म्हणजे नुसती चिठ्ठी, ती दाखवून तुम्ही हो म्हणालात की या दवाखान्याचं रेकॉर्ड त्या डॉक्टरला दिसतं. कशासाठी, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, किती दिवस, हे सगळं संमती देताना दिसतं, आणि दिलेली संमती मागंपण घेता येते. आखणी खरंच चांगली आहे, ज्यानं केली त्याला अक्कल आहे. पण गोडाऊनमध्ये मालच भरला नसेल तर चिठ्ठी घेऊन काय करू? आठ महिन्यात सात वेळा गेलो. ॲपमध्ये दिसतात पाच भेटी, त्यात तारीख आणि विभागाचं नाव, बस. शुगरचा एकपण आकडा नाही, गोळीचं नाव नाही. रिपोर्ट म्हणून आला तो एकच आणि तोपण आमचा नव्हता.

मार्चमधली गोष्ट. संध्याकाळी कारखान्यात असताना मेसेज आला, तुमच्या खात्याला नवीन रेकॉर्ड जोडलंय, इंग्रजीत. उघडलं तर सोनोग्राफी. चौसष्ट वर्षाच्या बाईची प्रेग्नन्सीची सोनोग्राफी. वर एका तेवीस वर्षाच्या मुलीचं नाव, आडनाव आमचंच, पहिलं नाव एका अक्षरानं वेगळं. यादीतून निवडताना बोट एक ओळ खाली घसरलं असणार, दुसरं काय. पहिल्यांदा हसू आलं, घरी दाखवून आईला चिडवू म्हणलं, आणि मग बंदच केलं. कुणाच्या तरी पोटातल्या बाळाचे आठवडे मी टॉवेलच्या गठ्ठ्यावर बसून वाचतोय, तिला माहीत नाही, तिच्या घरी सांगितलंय का नाही तेपण माहीत नाही. आणि आमचे आकडे मग आत्ता कुणाच्या मोबाईलवर असतील?

दुसऱ्या दिवशी अर्धा दिवस रजा टाकून गेलो. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "दादा, तुमच्याकडनं डिलीट मारा की." मी म्हणलं माझ्याकडनं गेलं तरी तिच्या नावावर कसं जाईल? "तिच्याकडं कागद असंल की." त्याच्यावर राग नाही, एक कॉम्प्युटर, समोर दोनशे माणसं, कंत्राटी नोकरी, मध्येच लाईट गेली की परत पहिल्यापासनं. पण आमच्याकडं चुकीचा गठ्ठा चुकीच्या पार्टीला गेला तर चलन नंबर काढतात, कुणी लोड केला बघतात, डेबिट नोट फाटते, आणि तो गठ्ठा नुसता दोन डझन टॉवेलचा असतो. इथं माणसाचं पोट चुकीच्या पार्टीला गेलं आणि नोंद करायला वही नाही. ॲपमधून तक्रार टाकली, नंबर मिळाला, तीन आठवड्यानी उत्तर आलं की संबंधित दवाखान्याशी संपर्क साधा. म्हणजे जिथनं निघालो तिथंच.

मग मोठ्या साहेबांकडं लेखी द्यावं म्हणलं. तर मोठे साहेब कुणाचे? हे मला या वयात पहिल्यांदा कळलं, एकाच शहरात सरकारी दवाखान्यांना मालक तीन. नागरी आरोग्य केंद्रं महापालिकेची, काही रुग्णालयं राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाची, आणि मेडिकल कॉलेजचं रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाचं. १५ ऑगस्ट २०२३ पासून मोफत उपचार म्हणून जे गाजलं ते यातल्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांपुरतं, मेडिकल कॉलेजवाले त्यात नव्हते, आणि केसपेपरला पैसे का घेतले म्हणून लोक अजून काउंटरवर भांडतात. अरे भांडायच्या आधी दाराच्या पाटीवर मालक कोण ते तर लिहा, म्हणजे माणूस योग्य जागी भांडेल. डेटाचा कायदापण झालाय २०२३ मध्ये, दंड २५० कोटीपर्यंत आहे म्हणे, पण दंड सरकारनं सरकारला भरायचा तर तो एका खिशातनं दुसऱ्या खिशात. आणि ही भीती हवेतली नाही, नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर सायबर हल्ल्यात पडले तेव्हा एवढ्या मोठ्या दवाखान्यात कितीतरी दिवस पेनानं लिहून काम चाललं होतं.

शेवटी माहितीचा अधिकार. अर्जाला १० रुपयाचं कोर्ट फी स्टॅम्प, महाराष्ट्रात एक विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे हे लक्षात ठेवा, माझा पहिला अर्ज त्यातच परत आला कारण मी निबंध लिहिलेला. दुसऱ्यात फक्त गोळ्यांचं विचारलं, की जानेवारी ते मार्च शुगरची आणि बीपीची गोळी किती दिवस शिल्लक नव्हती. कारण आईला त्या काळात दोनदा "बाहेरून घ्या" लिहून दिलेलं आणि ॲपमध्ये त्याचा मागमूस नाही. उत्तर यायची मुदत ३० दिवस, आलं पस्तिसाव्या दिवशी : सदर माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही. हे वाक्य ज्यानं पहिल्यांदा लिहिलं त्याचा सत्कार केला पाहिजे. पहिलं अपील केलं, २० रुपयाचा स्टॅम्प. सुनावणीला अपील अधिकारी मॅडम होत्या, ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, संकलित नाही तर असेल तसं बघू द्या यांना.

आणि बघितलं. औषध भांडाराच्या खोलीत लाकडी बाकावर बसून लाल कापडी बांधणीचं जाडजूड रजिस्टर. पानाच्या कडा बोटं लागून काळ्या झालेल्या. आमच्या कारखान्याच्या स्टॉक बुकापेक्षा स्वच्छ लिहिलेलं, आवक, वाटप, शिल्लक, रोजच्या रोज सही. आईला बाहेरची चिठ्ठी दिली त्या दोन्ही तारखांना शिल्लक रकान्यात लाल पेनानं ०. शून्याच्या शेजारी बारीक अक्षरात "मागणी पाठविली" आणि जावक क्रमांक. तिथल्या औषध देणाऱ्या बाई म्हणाल्या, "तुम्ही पहिलेच आलात बघायला. मी लिहिते रोज, वाचत कुणी नाही." मी मनात त्यांनाच शिव्या घालत आलेलो, खोटं कशाला बोलू. त्यांनी तर तारीखवार वर कळवलेलं होतं. माहिती होती, खरी होती, बाईंच्या अक्षरात होती, फक्त वर ज्यांनी वाचून ट्रक पाठवायचा ते गप्प.

यावरनं मावशीचं सांगतो. तिचं गाव तुळजापूरकडं, तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा. २००७ च्या सुमारास महाराष्ट्रात पाच जिल्ह्यांत आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली त्यात तो होता. गावच्या बायका बसून ठरवायच्या की नर्स येते का, गोळ्या मिळतात का, पैसे मागतात का, आणि एका तक्त्यावर हिरवा, पिवळा, लाल रंग भरायचा. मग जनसुनवाई, समोर डॉक्टर, अधिकारी, आणि सगळ्या गावादेखत विचारणार की हे लाल का. मावशीला वाचता येत नाही पण लाल कळायचं. माझ्या हातात आता स्मार्टफोन आहे, १४ आकडी नंबर आहे, पाच संमत्या दिल्यात, आणि ते लाल शून्य बघायला मला दोन अर्ज, एक अपील आणि अडीच दिवसाची रजा लागली. ॲपमध्ये आमच्या दवाखान्यात आज कुठली गोळी नाही एवढा एक रकाना टाकला असता तर आई रिक्षाचे ऐंशी रुपये घालून गेलीच नसती. आमची सगळी माहिती त्यांना दिसते, त्यांची एक ओळ आम्हाला दिसत नाही, माझी तक्रार एवढीच आहे, सोनोग्राफी, गोळ्या सगळं त्याच्याच पोटात आलं.

वापरणाऱ्यांसाठी कामाचं दोन शब्द. रिपोर्ट ॲपमध्ये यायची वाट बघू नका, लेखी मागा. तेव्हाच्या मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमात आहे की रुग्णानं रेकॉर्ड मागितलं की ७२ तासात द्यायचं, आणि ॲडमिट झालेल्यांचं तीन वर्षं जपायचं. मी एका कागदावर दोन ओळी लिहून हा नियम टाकला तर रिपोर्टची शिक्का मारलेली प्रत त्याच दिवशी मिळाली, तोंडी मागून दोन महिने मिळत नव्हती. संमतीची विनंती आली तर मुदत बघून हो म्हणा. घरातल्या दोघांची आभा एकाच मोबाईलवर असली तर टोकन काढताना नाव परत परत बघा. आणि दुसऱ्याचा रिपोर्ट आला तर स्क्रीनशॉट काढून कुणाला पाठवत बसू नका, तारीख लिहून घ्या आणि लेखी कळवा.

त्या मुलीचा रिपोर्ट शेवटी मीच लिंक तोडून काढला. तिच्या खात्यात गेला का नाही कळलं नाही, विचारलं तर सांगितलं की दुसऱ्याची माहिती देता येत नाही. हे मात्र बरोबर बोलले. दिवस भरून आता बाळंत झाली असेल.

स्टार द्यायचे तर पाचपैकी अडीच, त्यातले दोन टोकनाचे आणि अर्धा त्या रजिस्टरवाल्या बाईंचा, जो खरं तर आभात धरायला नको.

परवा परत गेलो. ४७ नंबर. आई झाडाखाली, मांडीवर कॅरीबॅग, त्यात सगळे केसपेपर दोऱ्यानं बांधलेले, विडीचा कट्टा बांधायची तीच गाठ. डॉक्टरांनी मागचा शुगरचा आकडा विचारला, मी ॲप उघडेपर्यंत तिनं कागद काढून टेबलावर ठेवलापण होता.