शरणपूरचे ख्रिस्ती पुस्तकालय : रोजच्या उपासनेसाठी करण्याजोगी खरेदी

एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीने वसवलेल्या नाशिकच्या शरणपूर परिसरात ख्रिस्ती पुस्तकांचे एक लहानसे दुकान आहे. बाप्तिस्म्याला किंवा लग्नाला देण्याजोगी भेट घेण्यासाठी बहुतेक लोक तेथे जातात. परंतु नोकरी, आजारपण आणि मुलांच्या परीक्षा यांत ज्या घराची कौटुंबिक उपासना मागे पडली आहे, त्या घराने तेथे अवश्य जावे, असे मला मनापासून वाटते.

येथील विक्रेते पवित्र शास्त्राची (बायबलची) प्रत दाखवण्यापूर्वी ती घरात कोण वाचणार आहे, हे विचारतात. हा प्रश्न महत्त्वाचा आहे. वृद्धांची दृष्टी मंदावली की त्यांचे वाचन थांबते आणि घरच्यांना मात्र त्यांची भक्ती ओसरली असे वाटू लागते. अशा वेळी मोठ्या अक्षरांची प्रत हाती आली, तर अनेक महिने बंद पडलेले वाचन आपोआप सुरू होते.

दैनिक वाचनाबाबतचा त्यांचा सल्लाही अनुभवाचा आहे. पवित्र शास्त्रातील ११८९ अध्याय वर्षभरात संपवायचे तर रोज तीन-चार अध्याय वाचावे लागतात, आणि उत्साहाने ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकापासून आरंभ केलेले अनेक जण ‘लेवीय’ या नियमांनी भरलेल्या तिसऱ्या पुस्तकाशी येऊन थांबतात. त्याऐवजी स्तोत्रसंहितेतील १५० स्तोत्रे रोज पाच याप्रमाणे महिन्यात वाचावीत, मात्र १७६ ओव्यांचे ११९ वे स्तोत्र तुकड्यांत वाचावे, असे ते सुचवतात. दमूनभागून आलेल्या माणसालाही पेलेल, असा हा क्रम आहे.

‘उपासना संगीत’ हे मराठी ख्रिस्ती गीतांचे पुस्तक येथे नेहमी मिळते. त्यातील नारायण वामन टिळकांची गीते पेटीच्या साथीवाचूनही घरात म्हणता येतात, म्हणून मुलांच्या कानांवर शास्त्रवचने पडावीत यासाठी हे पुस्तक मला फार मोलाचे वाटते. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा त्यानंतर काही वर्षांनी. एकाच घरातील दोघांची श्रद्धा एकाच गतीने वाढत नाही, हे लक्ष्मीबाईंचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना कळते. ते पुस्तकही येथे आहे, आणि ज्यांचा जोडीदार उपासनेला बसत नाही त्यांनी ते जरूर घ्यावे.

लहान मुलांसाठीची पुस्तके मात्र निराशा करतात. चित्रे परकी, भाषा बोजड आणि बहुतेक मजकूर भाषांतरित असल्याने सहा-सात वर्षांचे मूल त्यात रमत नाही. जपमाळा व नोव्हेनाच्या (नऊ दिवसांच्या प्रार्थनेच्या) पुस्तिकाही मोजक्याच आहेत. कॅथलिक कुटुंबांनी त्यांसाठी नाशिक रोडच्या बाळ येशू मंदिराच्या परिसरात चौकशी करावी.

खर्चाची मर्यादा असेल, तर सोनेरी कडांची व चेनच्या कव्हरची प्रत टाळून साधी, मोठ्या अक्षरांची प्रत आणि ‘उपासना संगीत’ एवढेच घ्यावे.