दफन की दहन? आमच्या घरातला वाद, दोन्ही बाजूंनी

आम्ही कोकणातले कॅथलिक. पप्पांनी मागच्या महिन्यात जेवताना सहज सांगून टाकलं, मला पुरू नका, जाळा, पावसात खड्ड्यात पाणी भरतं ते मी बघितलंय. आई ताटावरून उठली. तिचं म्हणणं एकच, जगाच्या शेवटच्या दिवशी मेलेले पुन्हा उठतात, मग जाळलं तर उठणार काय?

खरं तर या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. इ.स. १७७ मध्ये फ्रान्समधल्या ल्यों शहरात ख्रिस्ती लोकांना मारून त्यांची प्रेतं जाळली आणि राख ऱ्होन नदीत टाकली, मुद्दाम, यांना पुनरुत्थानाची, म्हणजे असं पुन्हा उठण्याची, आशाच राहू नये म्हणून. चर्च त्यांना आजही संत मानतं, म्हणजे राखेने देवाचं काही अडत नाही. आणि आपल्या किनाऱ्यावर होडीबरोबर गेलेले कितीतरी जण सापडलेच नाहीत, त्यांच्यासाठी पण मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) होतेच ना. कॅथलिक चर्चने १९६३ साली दहनाला परवानगी दिली. अट एवढीच की पुनरुत्थान नाकारायला म्हणून दहन करायचं नाही.

मग दफनच का पसंत करतात? कारण येशूचा प्रेषित पौल याने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिताना बियाण्याचा दाखला दिलाय, पेरतो ते वेगळं दिसतं, उगवतं ते वेगळं, पण पीक त्याच दाण्याचं. भाताचा तरवा काढलेल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. आत्मा सुटला आणि देह टाकून दिला असं आपण मानत नाही, पुनर्जन्म तर नाहीच, हाच देह बदलून उठणार. उठलेल्या येशूच्या अंगावर जखमा होत्या आणि सकाळी तळ्याकाठी त्याने निखाऱ्यावर मासे तयार ठेवले होते शिष्यांसाठी (हा भाग मला सगळ्यात आपला वाटतो, बांगडाच असेल असं नाही, पण तरी).

तरी आईला एक सांगायला हवं, की बऱ्याच ठिकाणी जागा कमी म्हणून काही वर्षांनी तीच कबर उघडतात आणि हाडं कोनाड्यात ठेवतात, म्हणजे देह तसाच राहतो हा हिशोब दफनातही नाही. जांभ्यात खणणं पण सोपं नाही, जुलैत तर पप्पांचं खरंच आहे.

दहनाची अडचण वेगळी. आमच्या गावात विद्युतदाहिनी नाही, लाकडावरच करायचं आणि स्मशान दुसऱ्या समाजाचं, तेव्हा आयत्या वेळी विचारत बसण्यापेक्षा आधीच बोलून ठेवलेलं बरं. राखेचं पण बघायला हवं. पप्पांना ती समुद्रात सोडायची आहे आणि इथे चर्च नाही म्हणतं: २०१६ च्या सूचनेनुसार राख हवेत, जमिनीवर, पाण्यात विखरायची नाही, वाटून घ्यायची नाही, ती सिमेट्रीत किंवा चर्चच्या पवित्र जागेत ठेवायची. २०२३ मध्ये थोडी ढील मिळाली, अगदी थोडा भाग कुटुंबाला महत्त्वाच्या जागी ठेवायला बिशप परवानगी देऊ शकतात, पण समुद्रात सोडणं नाहीच.

माझं मत दफनाकडे झुकतं, कारण २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, मेणबत्ती लावायला एक जागा लागते. पण पप्पा अडूनच बसले तर आधी देह ठेवून मिस्सा, मग दहन, मग राख आजीच्या कबरीत, फादरना विचारून. आईला हे अजून सांगितलेलं नाही, आधी पप्पांकडून समुद्राचा हट्ट सोडवून घ्यायचाय.